मातीतून निघालेला पिवळा तुकडा सोन्याचा आहे का? ब्रश हातात घेण्याआधी वाचा

माझ्या हातून बिघडलेल्या वस्तूपासूनच सुरुवात करते. इंग्लंडमध्ये, नॉरफोकमधलं नुकतंच नांगरलेलं शेत, नोव्हेंबर महिना, बोटं गारठलेली. जमिनीतला धातू शोधणारा मेटल डिटेक्टर वाजला, वीतभर खोल खणलं आणि ढेकळातून अंगठ्याच्या नखाएवढा पिवळा तुकडा डोकावला. तोवर वर्षभर मी खिळे, बटणं आणि काडतुसांची बुडं गोळा करत होते, त्यामुळे पिवळं काही दिसल्याबरोबर भान सुटलं. घरी आले ती थेट सिंकपाशी. टूथपेस्ट, जुना ब्रश, आणि लहानपणी देवाची उपकरणी घासायची लागलेली सवय. पाच मिनिटांत तुकडा चकचकीत झाला खरा, पण पांढरा चकचकीत.

तो सोळाव्या शतकातला, कपडे अडकवायचा आकडा होता. चांदीचा, वर सोन्याचा मुलामा. इतकी शतकं मातीत टिकलेला मुलामा मी एका संध्याकाळी खरवडून काढला होता. पुरावस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकारीणबाईंनी तो भिंगाखाली धरला, ब्रशच्या ताज्या रेघा पाहिल्या, आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबा मात्र बोलले. साताऱ्यात एका सराफी पेढीवर त्यांची चाळीस वर्षं गेली. व्हिडिओ कॉलवर तुकडा पाहून म्हणाले, "अगं, पिवळं ते सगळं सोनं असतं तर आम्ही पेढीवर बसून काय माश्या मारल्या असत्या? आणि मुलामा कोणी घासतं का?"

त्यानंतर मी एक क्रम ठरवून घेतला, आणि तोच इथे देते आहे. वस्तूला काडीचाही धक्का न लावणाऱ्या परीक्षा आधी, ओरखडा पाडणाऱ्या सगळ्यात शेवटी, त्याही दुसऱ्याच्या हातून. यातल्या जवळजवळ प्रत्येक परीक्षेतून 'हे सोनं नाही' एवढंच ठामपणे कळतं. 'हे सोनं आहे' असं म्हणायला दोन-तीन परीक्षांची साक्ष जुळावी लागते. डिटेक्टरशी तुमचा काही संबंध नसला आणि आजीच्या ट्रंकेतल्या फडक्यात बांधलेला एखादा दागिना हाती आला असला, तरी हाच क्रम चालतो. फरक कुठे पडतो ते सांगत जाईन.

शेतातच, खिशात टाकण्याआधी

डिटेक्टरच्या पडद्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. वस्तू वीज किती वाहून नेते आणि केवढी आहे, यावरून यंत्र तो आकडा काढतं. सोन्याची नाजूक अंगठी, चॉकलेटचा चंदेरी कागद आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची ओढायची कडी हे तिघं त्या पट्टीवर शेजारी शेजारी राहतात. यंत्राने 'सोनं' म्हटलं म्हणून नाचू नका आणि 'कचरा' म्हटलं म्हणून पुढे जाऊ नका.

वस्तू दिसली की ती ढेकळासकट उचला. अंगठ्याने माती पुसण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण वाळूचा कण आणि बोटाचा दाब मिळून बारीक पॉलिश पेपरचं काम करतात. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, खड्ड्यासकट एक फोटो काढा आणि वस्तू थोड्या ओल्या मातीसह छोट्या डबीत ठेवा. जागेची ही नोंद पुढे वस्तूपेक्षाही मोलाची ठरू शकते.

आणि अर्थात, जमीनमालकाची परवानगी. ती लेखी असावी आणि सापडलेल्या वस्तूची वाटणी कशी होणार तेही त्यात असावं. इंग्लंडमध्ये संरक्षित पुरातत्त्वस्थळी विनापरवाना डिटेक्टर फिरवणंच गुन्हा आहे, खणणं तर पुढचं.

माती काय सांगते

ही माझ्या आवडीची पायरी, कारण इथे डोळ्यांखेरीज काहीच लागत नाही.

सोनं मातीत बदलत नाही, असं आपण ऐकलेलं असतं. पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं की अंगावर काटा येतो. चिकणमातीतून चारशे वर्षांनी निघालेली सोन्याची वस्तू काल पडल्यासारखी दिसते. माती तिला धरूनच ठेवत नाही, ओलं ढेकूळ अलगद उकललं की ती सुटून येते. पितळ आणि कासं हिरवं होतं, कधी त्यावर भुकटीसारखा फिका हिरवा थर येतो. चांदी करडी ते काळी पडते आणि खाऱ्या वाळूत तर तिच्यावर काळं कवच चढतं. शिशावर पांढुरकी राख बसते. ॲल्युमिनियमला पांढरे फोड येतात.

पण 'बदलत नाही' हे शुद्ध सोन्याबद्दल. नऊ कॅरटच्या अंगठीत सोनं साडेसदतीस टक्के, बाकी तांबं, चांदी, जस्त. अशी अंगठी समुद्रकाठच्या वाळूतून काळपट किंवा तांबूस डाग घेऊन निघू शकते. त्यामुळे डाग दिसला म्हणून फेकायची घाई नको.

खरी गंमत मुलाम्याच्या वस्तूत असते. मुलामा उंचवट्यावर आधी झिजतो आणि खाचाखोचांत टिकून राहतो. म्हणून नक्षीच्या रेघांमध्ये पिवळं आणि वरच्या कडांवर हिरवं दिसलं, तर आत तांबं किंवा पितळ आहे. कडांवर करडं-काळं दिसलं तर आत चांदी. पिवळ्या पृष्ठभागाला बुरशीसारखे हिरवे ठिपके फुटले असले, तर खालचं तांबं मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून वर येतं आहे.

भरीव सोन्याची सगळ्यात छान खूण शेतकऱ्याने करून ठेवलेली असते. नांगराचा फाळ लागून वस्तूवर ओरखडा पडलेला असला तर त्या ओरखड्याच्या तळाशी बघा. तिथला रंग वरच्या रंगासारखाच पिवळा असला तर आशा ठेवायला हरकत नाही. तळाशी वेगळा रंग असला तर प्रश्न तिथेच मिटला, आणि तुम्हाला स्वतः काही खरवडावंही लागलं नाही.

एका वस्तूने मला तीनदा फसवलं आहे: अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली कोटाची चपटी बटणं. इथल्या शेतांत ती पैशाला पासरी सापडतात. ओल्या मातीत, तिरप्या उन्हात, सोन्याचं नाणं पडलंय असंच वाटतं. उलटं करून पाहा. पाठीमागे टाक्याची कडी किंवा तिचा तुटका बुंधा असतो आणि कित्येकदा गोलाकार अक्षरांत 'ट्रेबल गिल्ट', म्हणजे तिहेरी मुलामा, असं बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलेलं असतं. इतका प्रामाणिक मुलामेवाला आपल्याकडच्या बेंटेक्सच्या दुकानात भेटायचा नाही.

दुसरा जुना फसवा म्हणजे पिंचबेक. क्रिस्टोफर पिंचबेक नावाच्या लंडनच्या घड्याळवाल्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तांबं आणि जस्त यांचं सोन्यासारखं दिसणारं मिश्रण काढलं. साखळ्या, बकलं, घड्याळाच्या डब्या, सगळं त्याचं होऊ लागलं. रंग चोख असतो, वजन मात्र मार खातं. त्याकडे येऊच.

धुणं म्हणजे घासणं नव्हे

घरी आल्यावर वस्तू वाटीभर साध्या पाण्यात तासभर राहू द्या. वाटी, सिंक नाही, कारण सैल झालेला खडा मोरीतून गेला तर सापडायचा नाही. पाणी गढूळ झालं की बदला. माती आपोआप सुटली तेवढीच खरी. उरलेली खाचेतली माती तशीच राहू द्या, तिथेच मुलामा किंवा मिनाकाम टिकलेलं असू शकतं.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, टूथपेस्ट, खायचा सोडा यातलं काही नको. कालपरवा हरवलेली, खडा नसलेली अंगठी असेल तर भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब चालेल. घरच्या वापरातल्या दागिन्याला रिठ्याचं पाणी उत्तमच, पण तेही जुन्या उत्खनित वस्तूला नको. तुमच्या हातातली वस्तू जुनी आहे की नवी हे अजून ठरायचं आहे, म्हणून तूर्तास ती जुनीच समजा.

भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या, दोन-तीनशे रुपयांपासून मिळतं. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. बरेच जण उलटं करतात आणि 'काही दिसत नाही' म्हणतात. उजेड बाजूने, तिरपा. अंगठीच्या आतल्या बाजूला, साखळीच्या फाशावर, कानातल्याच्या मळसूत्राशेजारी छाप शोधा.

ब्रिटनमधल्या छापांची पद्धत जुनी आणि वाचायला सोपी आहे. १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने बिबट्याच्या तोंडाची खूण आली, ती आजही लंडनची खूण आहे. बर्मिंगहॅमचा नांगर, म्हणजे जहाजाचा. शेफील्डचं गुलाबाचं फूल, एडिंबरोचा किल्ला. चेस्टरची कचेरी १९६२ साली बंद झाली, पण तिची तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या जुन्या अंगठ्यांत अजून भेटतात. शहराच्या खुणेशिवाय कारागिराची आद्याक्षरं, शुद्धतेचा आकडा आणि वर्ष सांगणारं एक अक्षर असतं. त्या अक्षराचे तक्ते सहज मिळतात, पण अक्षराचा साचा आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही जुळवा, कारण तीच अक्षरं पुन्हा पुन्हा वापरली गेली आहेत.

शुद्धतेच्या आकड्यावरूनच काळाचा अंदाज येतो. १८५४ साली ९, १२ आणि १५ कॅरटला मान्यता मिळाली. १५ आणि १२ ही दोन्ही १९३२ साली बंद होऊन त्यांच्या जागी १४ आलं. म्हणजे '१५' आणि '.६२५' अशी जोडी दिसली तर ती अंगठी त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांतली. '९' आणि '.३७५' अशी टिंबासकट जोडी १९७५ पर्यंत चालली. नंतर नुसता ३७५, ५८५, ७५०, ९१६ असा हजारातला हिस्सा.

चालणाऱ्या सिंहाची खूण दिसली तर सहसा ती ९२५ ची चांदी, वर पिवळं दिसत असलं तरी. मात्र १८४४ पर्यंत २२ कॅरट सोन्यावरही तोच सिंह उमटवत. म्हणून जुन्या सिंहाला वजनाची साक्ष जोडून घ्या.

आता फसवे शिक्के. इंग्रजी 'जी-एफ' म्हणजे खालच्या धातूवर दाबून बसवलेला सोन्याचा पत्रा, आणि त्याच्याआधी '१/२०' असेल तर तो पत्रा एकूण वजनाचा विसावा हिस्सा. 'आर-जी-पी', 'जी-पी', 'एच-जी-ई' हे सगळे मुलाम्याचेच भाऊबंद. 'रोल्ड गोल्ड' असं पूर्ण लिहिलेलंही आढळतं. याउलट अमेरिकन दागिन्यावरचं 'के-पी' पाहून लोक 'पी' म्हणजे 'प्लेटेड' समजतात आणि बिचारी खरी अंगठी डब्यात टाकून देतात. तिथे 'पी' म्हणजे 'प्लंब': सांगितलेलं कॅरट पुरेपूर भरतं, अशी ग्वाही.

छाप नाही म्हणजे सोनं नाही, असं मुळीच नाही. ब्रिटनमध्ये एक ग्रॅमपेक्षा हलक्या सोन्याला छाप सक्तीचा नाही, आणि झिजलेल्या अंगठीतला छाप बोटानेच पुसून टाकलेला असतो. आपल्याकडे तर भारतीय मानक ब्युरोची सोन्याची हॉलमार्क योजनाच २००० साली सुरू झाली. त्याआधीचं आजीचं मंगळसूत्र किंवा पाटल्या यांच्यावर फार तर सराफाचा शिक्का मिळेल, आणि तो त्या सराफाच्या शब्दाइतकाच पक्का. नव्या भारतीय दागिन्यावर त्रिकोणी खूण, '२२के९१६' आणि जुलै २०२१ पासून आलेला सहा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक ब्युरोच्या ॲपमध्ये टाकून पाहता येतो. नकली शिक्केही मारले जातात, म्हणून छाप हा साक्षीदार समजा, न्यायाधीश नव्हे.

भिंग हातात आहे तोवर झीज बघून घ्या. अंगठीचा तळहाताकडचा भाग, साखळीच्या कड्या एकमेकींना घासतात ती जागा, फाशाचं टोक. तिथे वेगळा रंग उघडा पडला असेल तर पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही. झाळ लावलेली जागा मात्र थोडी फिकी दिसते, तिला मुलामा उडालेला समजू नका.

चुंबक

एका मिनिटाचं काम. फ्रिजवरचं चुंबक कामाचं नाही, लहान निओडिमियम चुंबक घ्या, आणि जुन्या नाजूक वस्तूला ते चिकटू न देता जवळ धरा. वस्तू ओढली गेली तर आत लोखंड किंवा निकेल आहे. ओढली गेली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. पितळ, तांबं, चांदी, शिसं यांपैकी कोणीच ओढलं जात नाही. साखळीचा फक्त फासा ओढला गेला तर घाबरू नका, आतली स्प्रिंग पोलादाची असते.

वजन आणि पाणी

सगळ्यांत जास्त विश्वास माझा यावर. शिवाय वस्तूला ओरखडाही येत नाही.

सोनं जड असतं हे सगळ्यांना माहीत आहे, किती जड ते आकड्यात ठेवा. एका घन सेंटिमीटरला शुद्ध सोनं १९.३ ग्रॅम भरतं. २२ कॅरट साधारण १७.७, १८ कॅरट १५.२ ते १५.९, १४ कॅरट १३ च्या आसपास, ९ कॅरट ११ ते ११.५. ९२५ ची चांदी १०.४. पितळ जेमतेम ८.५ आणि तांबं ८.९. म्हणजे पिंचबेक असो की बेंटेक्स, नऊच्या पुढे जात नाही, आणि चांगल्या सोन्याशी त्याची गल्लत होऊच शकत नाही.

लागतं काय? ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, एक हलका प्लास्टिकचा पेला, शिवणाचा दोरा.

आधी कोरड्या वस्तूचं वजन घ्या. मग पेल्यात निम्म्यापेक्षा थोडं जास्त पाणी घालून पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा. पूर्ण बुडाली पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. हात थरथरत असेल तर दोरा वर आडव्या ठेवलेल्या लाटण्याला बांधा, मी तेच करते. लाटण्याची दोन टोकं काट्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या चळतीवर. आता काट्यावर जो आकडा आला तितके घन सेंटिमीटर वस्तूचं आकारमान. कारण पाणी वस्तूला जेवढं वर ढकलतं तेवढीच वस्तू पाण्याला खाली दाबते, आणि काटा तो दाब दाखवतो. पहिल्या वजनाला या आकड्याने भागा.

गेल्या मार्चमध्ये त्याच शेताच्या पायवाटेकडच्या बांधाजवळ मला एक रुंद, साधी अंगठी मिळाली. कोरडं वजन ४.३१ ग्रॅम. पाण्यातला आकडा पाच वेळा घेतला: ०.३८, ०.३९, ०.३८, ०.३८, ०.३९. सरासरी ०.३८४. भागाकार ११.२. आत भिंगातून जहाजाचा नांगर, '९' आणि '.३७५' दिसत होतं. दोन साक्षीदार जुळले. वर्षाचं अक्षर अर्धं झिजलेलं, पण टिंबासकट .३७५ म्हणजे १८५४ ते १९७५ मधली, एवढं नक्की. बाबांना कळवलं तर म्हणाले, "नऊ कॅरट? मग त्याला तांब्याची अंगठी का म्हणत नाही?" सातारी सराफाच्या हिशेबात बावीसच्या खाली सोनंच नाही. इंग्लंडमध्ये मात्र पिढ्यान् पिढ्यांची लग्नं नऊ कॅरटवर झाली आहेत.

चुका कुठे होतात ते सांगते. हवेचा बुडबुडा चिकटला तर आकारमान जास्त येतं आणि सोनं हलकं ठरतं. वस्तू जुनी नसेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, आणि वस्तू बुडल्यावर दोरा हलकेच झटका. वस्तू दोन-तीन ग्रॅमची असेल तर ०.०१ च्या एका घराचा फरकही निकाल फिरवतो. अडीच ग्रॅमच्या नऊ कॅरटला काटा ०.२२ दाखवेल आणि तेवढ्याच वजनाच्या चांदीला ०.२४. एवढ्याशा फटीत मुलाम्याची चांदी सोनं म्हणून आरामात घुसते. अशा वेळी ०.००१ ग्रॅमचा काटा मिळवा किंवा निकाल देऊच नका.

खडा बसवलेला असेल तर ही परीक्षा निकामी, खडा हलका असतो. आणि पोकळ किंवा लाख भरलेला दागिना असेल तरी निकामी. आजीची बोरमाळ, लाखेवरचे मणी, पोकळ तोडे यांचा आकडा पितळेपेक्षाही खाली येईल आणि तुम्ही उगीच आजीवर संशय घ्याल. लाखेचा दागिना पाण्यात बुडवूही नका.

उलट बाजूचा मोठा चोर म्हणजे टंगस्टन. त्याची घनता १९.२५, सोन्याला चिकटून. पण ते कठीण, ठिसूळ आणि घडवायला अवघड, म्हणून नकली बिस्किटांत भेटतं. शेतातल्या जुन्या अंगठीत मी त्याची काळजी करत नाही.

कस

इथपर्यंत येऊनही शंका उरली तर सोनाराकडे जा. पण वस्तू शंभर-दोनशे वर्षांहून जुनी असण्याचा जरासा जरी संभव असेल तर ही पायरी गाळा आणि थेट पुढच्या भागाकडे वळा, कारण कस लावणं म्हणजे वस्तू घासणंच.

काळा, गुळगुळीत कसोटीचा दगड. त्यावर दागिन्याची रेघ ओढायची आणि शेजारी माहीत असलेल्या टंचाच्या, म्हणजे शुद्धतेच्या, सळयांच्या रेघा. बाबा नुसत्या रंगावरून दोन-तीन टक्क्यांपर्यंत सांगत, ते डोळे आता मोतीबिंदूने गेले. मग रेघांवरून तेजाब फिरवायचं. पितळेची रेघ फसफसून हिरवी होत नाहीशी होते, कमी कॅरटची काळपट पडून विरते, बावीसची तशीच राहते. वरच्या कॅरटमधला फरक नुसत्या नायट्रिकने कळत नाही, त्यात मीठाचं तेजाब मिसळावं लागतं. मुलाम्याच्या वस्तूची पहिली रेघ सोन्याचीच उमटते, म्हणून जाणता सोनार त्याच जागेवर दोन-तीनदा घासून मगच रेघ ओढतो.

हे घरी करू नका. बाटलीबंद संच ऑनलाइन विकले जातात, पण ब्रिटनमध्ये तीन टक्क्यांहून तीव्र नायट्रिक आम्ल सर्वसामान्य माणसाला परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही. भारतात मिळत असलं तरी त्याचा धूर फुप्फुसात जातो, थेंब डोळ्यात उडतो, आणि स्वयंपाकघराचा ओटा कायमचा पिवळा होतो.

आजकाल मोठ्या दुकानांत क्ष-किरणांचं यंत्र असतं. वस्तू आत ठेवली की अर्ध्या मिनिटात सोनं, चांदी, तांबं यांचे टक्के. ओरखडा नाही. पण ते वरचा अगदी पातळ थरच वाचतं. जाड मुलामा असेल तर ते त्याचंच कौतुक करत बसतं. शिवाय फार काळ जमिनीत राहिलेल्या मिश्र सोन्याच्या पृष्ठभागातून तांबं-चांदी झिरपून जाते आणि यंत्र आतल्यापेक्षा जास्त शुद्धता सांगतं. म्हणून यंत्राची पावती आणि पाण्यातला भागाकार शेजारी ठेवून बघा. यंत्र ९० टक्के म्हणालं आणि घनता ९ आली, तर घनतेचं ऐका.

बाकीचे घरगुती उपाय मी करून पाहिले आहेत, म्हणून सांगते. दाताने चावून शिसंही दबतं. गालावर फाउंडेशन लावून काळी रेघ ओढायची, हा खेळ आहे. बिनझिलईच्या फरशीवर घासून पिवळी रेघ बघायची, यात रेघ पितळेचीही पिवळसर येते आणि वस्तू मात्र घासली जाते. व्हिनेगरचे थेंब तर नकोतच.

जुनं निघालं तर, नवं निघालं तर

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी १९९६ चा ट्रेझर कायदा आहे. वस्तू तीनशे वर्षांहून जुनी आणि तिच्यात किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असेल, तर ती 'ट्रेझर' ठरते. एकटं नाणं याला अपवाद. सापडल्यापासून, किंवा ती तशी असावी हे लक्षात आल्यापासून, चौदा दिवसांत कोरोनरला कळवायचं. कोरोनर हा शब्द मुंबईच्या जुन्या वाचकांना ओळखीचा असेल, तिथे हे पद १९९९ पर्यंत होतं, संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीसाठी. इथे त्याच्याकडे मृतांबरोबर गुप्तधनही असतं. प्रत्यक्षात आपण गाठायचं ते आपल्या जिल्ह्याच्या पुरावस्तू संपर्क अधिकाऱ्याला. वस्तू संग्रहालयाने घेतली तर मोबदला मिळतो आणि तो सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. जुलै २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दोनशे वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही यात आल्या, त्यात सोनं असो वा नसो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि अधिक कडक. माझा तो घासलेला आकडाही रीतसर नोंदवला गेला, ब्रशच्या रेघांसकट.

भारतात हा छंद म्हणून करायचा विचार असेल तर आधी १८७८ चा निखात निधी कायदा वाचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. ही दहा रुपयांची मर्यादा १८७८ मधलीच आहे, त्यामुळे आज सोन्याचा कणही तिच्या बाहेर राहत नाही. संरक्षित किल्ल्यावर खणणं तर सरळ गुन्हा. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरणाऱ्या लोकांच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या. मुघलकालीन नाण्यांची आवई उठली आणि शेतकऱ्याच्या उभ्या शेताचे खड्डे झाले.

अंगठी नवी असेल तर ती कोणाची तरी हरवलेली असते. आतली आद्याक्षरं, तारीख, छाप यांचे फोटो काढा, पण जाहीर करताना एखादी खूण राखून ठेवा. खरा मालक ती आपणहून सांगेल. पोलिसांकडे नोंद करा. मालक शोधायचा प्रयत्नही न करता वस्तू ठेवून घेणं इथल्या कायद्यात चोरीत मोडू शकतं.

माझी नऊ कॅरटची अंगठी मी शेतमालकाच्या दारात नेऊन दाखवली. त्याने ती करंगळीत घालून पाहिली, पेरापाशी अडकली. आईला विचारतो म्हणाला. आईने, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, चष्मा न लावताच आतला छाप बघितला आणि सांगितलं की युद्धाच्या दिवसांत या शेतावर बटाटे काढायला बाहेरगावच्या मुली येत, त्यांच्यापैकी एखादीची असेल. आता ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, ट्रॅक्टरच्या किल्ल्यांच्या बशीत आहे. गावच्या सूचनाफलकावर लावलेल्या कागदाला तीन महिन्यांत एकच उत्तर आलं, आणि त्या बाईंना अंगठीत खडा होता असं आठवत होतं.